पेटीतल्या मुंग्या

दिवाळीपूर्वीची घरझाडणी म्हणजे दर वर्षाचे उत्खननच असते. कपाटामागे तीन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री सापडते, कोठीत सोऱ्या सापडतो, आणि सोऱ्याची चकलीची चकती मात्र नेमकी सापडत नाही. यंदा आमच्या कोल्हारच्या घराचा माळा झाडण्याचा मान माझ्याकडे आला. कोल्हार म्हणजे नगर जिल्ह्यातले (आता अहिल्यानगर म्हणायची सवय करायला हवी), प्रवरेच्या काठचे भगवतीमातेचे गाव. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला गेलेल्या वाचकांनी ते मोटारीच्या खिडकीतून पाहिले असेलच. तर त्या माळ्यावर तांब्याचा बंब, पाय मोडलेला पाळणा आणि कुणाच्या तरी मुंजीतले चौरंग यांच्यामागे एक पत्र्याची पेटी निघाली. एके काळी ती पांढरी होती. आता तिच्यावर जुन्या दातांसारखा पिवळेपणा आला होता. पेटीवर शंभर पानी वही होती आणि वहीवर आमच्या चुलत बंधूंच्या, म्हणजे दादाच्या, टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : 'कॉम्प्युटरची वही'.

"भंगारवाला खाली उभाच आहे," सौ. शिडीखालून म्हणाली.

"पेटी दे त्याला. वही राहू दे."

"वहीत काय आहे एवढं?"

वहीत काय आहे ते तिला त्या दिवशी सांगितले नाही. ते आज या सदराच्या वाचकांनाच सांगतो. त्यात माझ्या शहाणपणाचीही एक नोंद असल्यामुळे ते सांगणे तितकेसे सोपे नाही.

१९९७ साली दादाने पतसंस्थेचे कर्ज काढून एक जुना संगणक विकत घेतला. ४८६ जातीचा. संगणकाच्या कुळात ही पिढी तेव्हाच म्हातारी झाली होती, पण आमच्या गावात ती नवी नवरीच होती. रस्त्याकडच्या खोलीत टेबल मांडले, शेजारी टकटक करून ओळी छापणारा प्रिंटर ठेवला आणि बाहेर पाटी लागली : 'लग्नपत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका संगणकावर करून मिळतील'. पहिले आठ दिवस गिऱ्हाइकांपेक्षा बघेच अधिक आले. खंडेनवमीला काकूने पेटीला हळदकुंकू वाहिले; त्यातली एक अक्षता फ्लॉपीच्या फटीत गेली आणि ती काढायला काकूच्याच अंबाड्यातला आकडा कामी आला. या यंत्राच्या दुरुस्तीच्या इतिहासातले ते पहिले पान.

दादाच्या हाताखाली एक मुलगा होता. त्याचे नाव मी इथे देत नाही. दहावीनंतर शाळा सुटलेली, मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली, वय सतरा. बोटे अशी चालत की बघत राहावे. सकाळी दादा बसे. पाचनंतर दादा मळ्यात जाई आणि मग रात्री नऊपर्यंत हा मुलगा बसे. तो उंबऱ्याबाहेर चपला काढून मगच आत येई. पेटीला हळदकुंकू लागलेले त्याने पाहिले होते. देवापुढे चपला घालून कोण बसतो?

आता बिघाडांकडे वळू. जुन्या संगणकाचे बिघाड हे माणसाच्या दुखण्यासारखेच असत. एकदा येऊन गेले तर त्याचे काही वाटत नसे, पण पुन्हा पुन्हा येऊ लागले की घरात स्वास्थ्य नसे. दादाच्या पेटीला अशी तीन दुखणी होती.

पहिले तारखेचे. रोज सकाळी यंत्र सुरू केले की ते नम्रपणे सांगे, आज १ जानेवारी १९८०. एका गिऱ्हाइकाची पावती त्याच तारखेने निघाली. तो म्हणाला, "दादा, तेव्हा माझा जन्मबी नव्हता. पैसे कसे द्यायचे?" याचे निदान सोपे निघाले. यंत्राच्या आतल्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक छोटी बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे एक काम. ती मेली की यंत्राला काळाचे भान राहत नाही, आणि त्या काळच्या यंत्रांची कालगणनाच १९८० सालापासून सुरू होत असल्यामुळे ते मुकाट्याने आरंभाला जाऊन बसते. बॅटरी बदलली, तारीख चालू लागली.

दुसरे दुखणे थंडीतल्या सकाळचे. बटण दाबले की पडदा काळाच राही आणि पोटातून पीं-पीं असा आवाज येई. हा आवाज म्हणजे यंत्राचे कण्हणे नव्हे. ती त्याची भाषा. पडदा सुरू होण्याआधीच काही बिघडलेले आढळले, तर सांगायचे कसे? म्हणून लांब-आखूड पिपाण्यांचा संकेत ठरलेला असे. आमच्या पिपाणीचा अर्थ होता, 'स्मृती सापडत नाही'. स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, पट्ट्या खाचेत बसवलेल्या असतात. दिवसा तापून पसरायचे, रात्री निवून आकसायचे, असे रोज चालले की पट्टी खाचेतून केसाएवढी सैल होते. धूळ आणि ओल यांनी तिच्या पितळी दातांवर कीट चढते. उपाय असा की पट्टी काढायची, शाळकरी मुलाच्या खोडरबराने ते दात हलकेच घासायचे, आणि पट्टी पुन्हा घट्ट बसवायची. हा उपाय त्या काळी गावोगावच्या कारागिरांना ठाऊक होता आणि त्याने गुण येई.

हे दुखणे फक्त कोल्हारचे होते असे समजू नका. १९८० साली अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीने 'अ‍ॅपल थ्री' नावाचा महागडा संगणक काढला. तो इतका तापे की आतल्या चकत्या त्यांच्या बैठकीतून सरकत. तेव्हा ग्राहकांना चक्क असे सांगण्यात येई की, यंत्र दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडा! आदळले की चकत्या परत जागेवर बसत. आपल्याकडे रेडिओ खरखरला की वडील मंडळी त्याच्या पाठीत जी थाप मारीत, तिलाही असे थोडे शास्त्र होते म्हणायचे.

दोन रोग बरे केल्यामुळे दादा स्वतःला धन्वंतरी समजू लागला. आणि मग तिसरे दुखणे आले.

ते आले १९९९ च्या दिवाळीच्या तोंडावर. संध्याकाळी काम ऐन रंगात असताना यंत्र क्षणभर डोळे मिटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. साठवून न ठेवलेला मजकूर जाई. निम्मी लग्नपत्रिका 'श्री भगवतीमाता प्रसन्न' पाशी थांबलेली आणि वरपक्षाचे सात काका, चार मामा अदृश्य. दोन गिऱ्हाइके ओरडून गेली. त्यातच प्रिंटर जोडण्याचा भाग एकदा जळला. कर्जाचा हप्ता तर दर महिन्याला होताच.

दादाने निदानाला सुरुवात केली. ते वर्ष असे होते की, येत्या १ जानेवारीला जगातले सारे संगणक दोन हजार साल न ओळखून कोलमडणार, अशी चर्चा वर्तमानपत्रांत रोज असे. दादा म्हणाला, हा तोच किडा, आमच्याकडे जरा लवकर आला. मग त्याला वाटले व्हायरस असेल; सगळ्या फ्लॉपी तपासल्या. मग एक व्होल्टेज स्टॅबिलायझर आणून लावला. तो मधूनच 'टक' करी, आणि त्या टकेसरशी यंत्र कधीकधी बंदही पडे. म्हणजे औषधानेच रोग वाढला. एवढे झाल्यावर दादाच्या मनात दुसरा विचार आला. सकाळी मी बसतो तेव्हा काही होत नाही. संध्याकाळी तो बसतो तेव्हाच होते.

मी तेव्हा पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दिवाळीच्या सुटीत घरी आलो होतो. पहिल्या वर्षी तर्कशास्त्र हा विषय घेतला होता. त्यात बरे गुण पडले होते. दादाने सारी हकीकत सांगितल्यावर मी पाय पसरून म्हणालो, "दोन गोष्टी दर वेळी बरोबर घडतायत. तो बसतो आणि यंत्र बंद पडतं. तो नसतो तेव्हा पडत नाही. आणखी काय पुरावा हवा?"

त्या मुलाला आम्ही विचारले नाही असे नाही. दादाने विचारले, "तू कुठं हात लावतोस?" मुलगा म्हणाला, "कुठंच नाही, दादा. पण पेटीला हात लागला की मुंग्या येतात."

"मुंग्या?"

"हाताला. झिणझिण्या. एखाद्या वेळेस जोरात."

दादाने पेटीवर हात ठेवला. काही नाही. मी ठेवला. काही नाही. काकूला बोलावले, तिलाही काही नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिघांच्या हाताला जे लागत नाही ते एकट्या याच्या हाताला लागते! चोर पकडला गेला की पहिल्यांदा काहीबाही बोलतो, तसे ते मला वाटले. वसुबारसेच्या दिवशी दादाने त्याला महिन्याचा पगार दिला, काकूने फराळाचा पुडा दिला, आणि 'पुन्हा येऊ नको' हे दादाने अगदी हळू आवाजात सांगितले. मुलगा काही बोलला नाही. उंबऱ्याबाहेर चपला घातल्या आणि गेला.

आता खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणायचे तर. तो गेल्यावर यंत्र सुधारले! चार दिवस दिवाळीची सुटी, त्यानंतरचा आठवडाभर संध्याकाळी दादा स्वतः बसला; एकदाही बंद पडले नाही. दादा म्हणाला, "बघ." मीही म्हणालो, "बघ." माझे तर्कशास्त्र सिद्ध झाले आणि मी समाधानाने पुण्याला परतलो.

तुळशीचे लग्न लागले, लग्नपत्रिकांची रीघ सुरू झाली, आणि एका सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला दादाच्या डोळ्यांदेखत यंत्राने पुन्हा डोळे मिटले.

पुढची हकीकत या वहीत आहे, काही काकूच्या तोंडून ऐकलेली. दादाने श्रीरामपूरहून एका म्हाताऱ्या कारागिराला आणले. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा; संगणक त्याने फारसे पाहिले नव्हते. दादाला वाटले, हा येताच पेचकस काढून पेटी उघडील. त्याने पेटीकडे पाहिलेसुद्धा नाही. चहा घेतला आणि विचारले, "बिघडतो केव्हा?"

"संध्याकाळी."

"संध्याकाळी म्हणजे किती वाजता?"

ते दादाला सांगता येईना. म्हातारा म्हणाला, "मग पंधरा दिवस लिहून ठेवा. वाजले किती, कोण बसलं होतं, घरात दुसरं काय चालू होतं. तोवर काहीसुद्धा बदलू नका. आणि नंतर बदलाल ते एका वेळी एकच. तीन औषधं एकदम दिली तर गुण कशानं आला ते वैद्यालाही कळत नाही."

ही वही म्हणजे ते पंधरा दिवस. 'सोमवार, ७.०५. मंगळवार, ७.०२, वरचा दिवा मिणमिणला. बुधवार, ७.०६.' असे शनिवारपर्यंत. पुढच्या आठवड्याची पाने मात्र कोरी : 'आज काही नाही. आज काही नाही.'

'केव्हा' हा प्रश्न दिसतो साधा, पण संगणकाच्या दुरुस्तीत तो पहिल्या दिवसापासून कामी आलेला आहे. १९४६ साली फिलाडेल्फियात एनिअ‍ॅक नावाचा अजस्र संगणक लोकांपुढे आला. त्यात १७,००० हून अधिक व्हॉल्व्ह होते, आणि सुरुवातीला ते असे पटापट जळत की यंत्र धड चालेना. मग ध्यानात आले की, बहुतेक व्हॉल्व्ह यंत्र सुरू करताना तापण्याच्या वेळी, नाहीतर बंद केल्यावर निवण्याच्या वेळी जातात. ठरले की यंत्र बंदच करायचे नाही. पुढे दोन दिवसांत एखादाच व्हॉल्व्ह जाऊ लागला. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला, १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणकही व्हॉल्व्हचाच होता. ती दिवाणखान्याएवढी यंत्रे गेली, टेबलावरच्या पेट्या आल्या, त्याही आता माळ्यावर गेल्या; पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाला विचारायचा पहिला प्रश्न अजून तोच आहे.

वहीचे कोडे मात्र कारागिराने सोडवले नाही. ते काकूने सोडवले. ती वही उघडीच टेबलावर होती. काकू दिवा लावायला आली, तिने सहज वाचले आणि म्हणाली, "अरे, ही तर मळ्यातली थ्री फेज यायची वेळ. त्या वेळी मी मिक्सर लावतच नाही, घुर्र घुर्र करतो नुसता. एक आठवडा संध्याकाळी येते, एक आठवडा सकाळी, तू दुकान उघडायच्या आत."

सगळे होते ते एवढेच. शेतीपंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासांनी, पाळीपाळीने मिळे. पंपांना आपोआप सुरू होणारे स्टार्टर लावलेले. वीज आली की शिवारातले सारे पंप एकदम उठत. विजेची मोटार उठताना चालू असतानाच्या पाचसहापट विद्युतप्रवाह ओढते. शेकडो मोटारी एकाच क्षणी उठल्या की २३० व्होल्टचा दाब क्षणभर खाली बसणारच. संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात कपॅसिटर नावाच्या डब्या असतात. घरात पाण्याची टाकी असते तशा त्या विजेच्या टाक्या. नळ क्षणभर गेला तरी टाकीवर काम निभावते. आमच्या जुन्या पेटीतल्या टाक्या आटल्या होत्या. दिवा नुसता मिणमिणे, पंखा जरा मंद होई, पण यंत्र मरून पुन्हा जन्म घेई. तो मुलगा गेला त्याच आठवड्यात विजेची पाळी सकाळवर गेली होती. माझ्या तर्कशास्त्राला जो पुरावा मिळाला, तो पंपांच्या वेळापत्रकाने दिला होता.

कारागीर पुन्हा आला तेव्हा दादाने त्याला वही दाखवली, आणि ओशाळून त्या मुलाची व मुंग्यांचीही गोष्ट सांगितली. म्हातारा हसला नाही. त्याने दादाच्या पायांकडे पाहिले. पायांत रबरी चपला. काकूच्या पायांतही; तिला वाताचा त्रास, फरशीचा गारवा सोसत नाही. माझ्याही पायांत त्या दिवशी होत्या. म्हाताऱ्याने आपल्या चपला काढल्या, शहाबादी फरशीवर अनवाणी उभा राहिला आणि बोटांची पाठ पेटीला टेकवून झटकन मागे घेतली. मग खिशातला टेस्टर पेटीच्या पत्र्याला लावला. टेस्टरातला दिवा लागला.

"पोरगं खरं सांगत होतं," तो म्हणाला.

खोलीतल्या भिंतीवरच्या प्लगाला तिसरे भोक होते, पण त्याच्यामागे तारच नव्हती. ती तार जमिनीत जायला हवी. ती नसली की संगणकाच्या पत्र्यावर विजेचा दाब चढून राहतो. चपला घातलेल्याला तो लागत नाही; ओलसर फरशीवर अनवाणी बसलेल्याला लागतो. प्रिंटर जोडण्याचा भाग जळला तोही बहुधा याच उपद्व्यापाने; जमिनीशी नाते नसलेली दोन यंत्रे एकमेकांना जोडली की तो दाब नाजूक तारांतून वाट काढतो. म्हणजे सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत धोक्याचा दोष त्या मुलाने नेमक्या शब्दांत सांगितला होता. आम्ही तिघांनी तो तपासूनही पाहिला होता. फक्त चपला काढल्या नव्हत्या.

वीज पुरवणारा डबा बदलला, यूपीएस घेतला. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणून कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केले. (वाचकांपैकी कुणी हौशी असतील तर एक विनंती : तो वीजपुरवठ्याचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.) आणि मग दादा स्कूटर काढून त्या मुलाच्या वस्तीवर गेला. तिथे काय बोलणे झाले ते दादाने कधी सांगितले नाही. मुलगा परत आला, एवढे खरे. पगारही वाढला.

संक्रांतीला मी घरी गेलो तेव्हा तो बसलेला होता. मी विचारले, "काय रे, आता मुंग्या येतात का?" तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "नाही. काही नाही." मला वाटले, मिटले.

ते मिटले नव्हते हे पुढच्या वैशाखात कळले. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. माती कोरडी पडली की ती वीज घेत नाही. ते घालायचे राहिले होते. एक दिवस प्रिंटर जोडण्याचा भाग पुन्हा जळला. दादाने टेस्टर लावला, दिवा लागला. दादाने मुलाला विचारले, "तुला झिणझिण्या येत नव्हत्या?"

"येत होत्या की. तीन आठवडे झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

मुलगा म्हणाला, "मागं सांगितलं होतं, दादा."

वहीतली शेवटची नोंद हीच आहे. दादाने ती तारखेसह लिहून ठेवली आहे, आणि खाली दुसरे काहीही लिहिलेले नाही.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षे होऊन गेली. तो मुलगा आणखी दोन वर्षे दादाकडे होता, मग दुसऱ्या कामाला लागला. यंत्र बरे झाले, पण त्या घरातले सगळ्यांत तरतरीत मोजमापाचे साधन आम्ही आमच्या हाताने बिघडवले, आणि त्याला खोडरबराचा इलाज नव्हता.

मी पुढे अध्यापक झालो. दर वर्षी एका ठरावीक धड्याला माझी मुले अडखळतात. कितीतरी वर्षे मी म्हणत असे, हल्लीच्या मुलांचे वाचन कमी. मग एकदा वहीसारखे टिपण केले. मुले दर वर्षी नवी. धडा तोच आणि शिकवणारा तोच. सगळे भाग बदलूनही बिघाड राहतो, तेव्हा न बदललेल्या भागाकडे पाहावे, हा दुरुस्तीचा जुना नियम. मी माझी टिपणे बदलली. धडा आता बरा जातो.

दोषी शेजारीच सापडावा ही आपली घाई असते. १९७८ साली इंटेल कंपनीतल्या टिमोथी मे आणि मरे वूड्स या दोघा संशोधकांनी एक विलक्षण निदान केले. स्मृतीच्या चकत्यांमध्ये अधूनमधून एखादा आकडा आपोआप उलटत असे. तपासायला घ्यावे तर चकती निर्दोष. कुणाला वाटले असते, वापरणाऱ्याचीच चूक. शेवटी दोष सापडला तो चकती ज्या चिनीमातीच्या वेष्टनात बंद केली होती त्यात. त्या मातीत युरेनियम आणि थोरियमचा नाममात्र अंश होता आणि त्यातून उडणारे अदृश्य कण स्मृतीतला आकडा उलटवीत होते. हातातल्या चकतीवर संशय घेऊन ती नुसती फेकून दिली असती, तर हे कधीच कळले नसते.

हे सगळे मनात घोळत असतानाच लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. आमची कन्या फरशीवर मांडी घालून लॅपटॉपवर काही करीत होती. चार्जर लावलेला, दोन काड्यांचा. ती म्हणाली, "बाबा, याच्या कडेला हात लागला की कसंतरीच होतं. मुंग्या आल्यासारखं."

मी कडेवर हात ठेवला. काही नाही. "मला तर काही..." असे म्हणता म्हणता माझे लक्ष माझ्या पायांकडे गेले.

घरात घालायच्या चपला मी बाजूला काढून ठेवल्या, फरशीवर उभा राहिलो आणि पुन्हा हात लावला.